खरं कुठलं, तोतया कुठला?

आमच्या पेणला गणपतीचा असा वेगळा हंगाम नसतोच. अनंत चतुर्दशीला बाप्पा गावाला गेले, की थोड्याच दिवसांत कारखान्यांमध्ये पुढच्या वर्षीचे साचे बाहेर निघतात. आमच्या बचत गटातल्या सात-आठ जणी रंगकामाला जातात. दिवाळीनंतर एकदा हिशेबाची वही घेऊन मी त्यांच्याकडे कारखान्यात गेले होते. सोबत लेक होती. ती टी.वाय. बी.एस्सी.ला, विषय फिजिक्स.

तिथे मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांना शाडूचीच मूर्ती हवी होती. रंग चढल्यावर शाडू काय आणि प्लास्टर काय, दोन्ही सारखेच देखणे! त्यांनी एका मूर्तीवर बोट ठेवलं. आमच्या गटातल्या मावशींनी ती जराशी उचलली, पाठीमागून बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाल्या, "नाय, ही पलास्टरची. पोकळ वाजते. शाडूची ती पलीकडची."

गिऱ्हाइकाला पटेना. "जरा खरवडून दाखवा ना."

"आता बाप्पाला खरवडू काय?" मावशी म्हणाल्या.

आम्ही सगळ्या हसलो. लेक मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आई, मावशींनी आत्ता जे केलं ना, तेच सध्या जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ करतायत. कृष्णविवराला टिचकी मारून ऐकतायत, खरं आहे की तोतया!"

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. लेकीनं फिजिक्स घेतलं तेव्हा मी 'बरं' म्हटलं होतं, पण ती नेमकं काय शिकते हे तीन वर्षांत एकदाही नीट विचारलं नव्हतं. आता तिला एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं आणि घरात त्यावरून कुरबुर चालू होती. 'तोतया' हा शब्द ऐकून मात्र माझे कान टवकारले. तोतया म्हणजे आमच्या इतिहासातला शब्द! त्या रात्री पोळ्या लाटता लाटता मी तिला म्हटलं, "आता मला सांग. अगदी पहिल्यापासून."

फोटोवरून स्थळ

तिनं सांगितलेलं मला जसं कळलं, तसं तुम्हाला सांगते.

एखादा खूप मोठा तारा जळून संपला, की स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो. काही वेळा तो इतका आकसतो, की त्याच्या ओढीतून उजेडही बाहेर पडू शकत नाही. तेच कृष्णविवर. आपल्या सूर्याचं कृष्णविवर करायचं, तर तो ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबावा लागेल. या गोळ्याला आपल्या जमिनीसारखा पृष्ठभाग नसतो. असते ती एक सीमा. ती ओलांडली की परतीची वाट नाही. तिला घटनाक्षितिज म्हणतात.

आता गंमत अशी, की ही सीमा दिसत नाही. दिसणार कशी, तिथून काही बाहेरच येत नाही! त्यामुळे आकाशात एखादी वस्तू काळी, लहान आणि प्रचंड जड आढळली, तरी तिला घटनाक्षितिज आहेच, हे कसं सांगायचं? सिद्धांत मांडणाऱ्या मंडळींनी कागदावर अशा कितीतरी वस्तू मांडून ठेवल्या आहेत, ज्या लांबून अगदी कृष्णविवरासारख्या वाटतील, पण कृष्णविवर नसतील. कुणी म्हणतं, न दिसणाऱ्या हलक्या कणांचा गोळा असेल, तो बोसॉन तारा. २००१ मध्ये मझूर आणि मोट्टोला या दोघांनी ग्रॅव्हास्टार नावाची कल्पना मांडली. त्यात बाहेर पातळ कवच असतं आणि आत पोकळीतली ऊर्जा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे टी.आय.एफ.आर.मध्ये अनेक वर्षं काम केलेले पंकज जोशी यांनी तर आयुष्यभर वेगळाच प्रश्न लावून धरला. तारा कोसळल्यावर मधला तो बिंदू क्षितिजाच्या पडद्याशिवाय उघडाच राहिला तर? या सगळ्या मंडळींना इंग्रजीत 'एक्झॉटिक कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट' असं भारदस्त नाव आहे. आपण आपले तोतयेच म्हणू.

"पण त्याचा फोटो आला होता ना पेपरात? नारिंगी कड्याचा?" मी विचारलं. एवढं मला आठवत होतं.

"आला होता. एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा. मे २०२२ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या मधल्याचा. पण आई, फोटोवरून तू स्थळ पसंत करशील का?"

टोमणा बरोबर लागला. कारण रोह्याहून माझ्या भावानं तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं आणि त्याचा फोटो तेव्हा आमच्या फ्रिजवर होता!

फोटोत दिसते ती मधली काळी सावली आणि भोवतालचा तापलेला वायू. कृष्णविवराची सावली जेवढी असावी तेवढीच ती भरली, हे खरं. पण काही तोतयेही जवळजवळ तशीच सावली पाडू शकतात. त्यामुळे फोटोनं बरेचसे तोतये बाद केले, पण सगळे नाही.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यात आंद्रेया घेझ या अमेरिकन बाई होत्या. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या तोवरच्या त्या चौथ्याच स्त्री. घेझ आणि जर्मनीचे राइनहार्ड गेंझेल यांच्या गटांनी आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्री टिपले. त्यातला एक तारा तर १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्या फेऱ्यांवरून त्यांनी दाखवलं, की मध्ये सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं काहीतरी आहे. आता नोबेल समितीनं या दोघांच्या मानपत्रात काय लिहावं? 'कृष्णविवराचा शोध' असं नाही लिहिलं. 'प्रचंड वस्तुमानाच्या घन वस्तूचा शोध' असं लिहिलं. कृष्णविवर हेच त्याचं आज माहीत असलेलं एकमेव सयुक्तिक स्पष्टीकरण, असं निवेदनात वेगळं सांगितलं. पण मानपत्रात शब्द जपून वापरला.

मी गावातल्या समुपदेशनाच्या कामात बायकांच्या तक्रारी ऐकते. दोन मिनिटं ऐकून 'हिचंच चुकलं' किंवा 'तोच नालायक' असं ठरवून टाकणारी माणसं रोज भेटतात. खरं सांगते, घाईच्या दिवशी मीही त्यातलीच एक असते. त्यामुळे जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस देताना इतका जपून वापरलेला शब्द मला मनापासून भावला.

तव्यावरचं पाणी

तवा तापला होता. लेकीनं ओल्या हातानं चार थेंब शिंपडले. चर्रकन आवाज झाला आणि पाणी उडालं.

"ही पहिली कसोटी," ती म्हणाली. "पृष्ठभाग आहे की नाही, ते बघायचं."

कृष्णविवराहून थोडा हलका गोळा म्हणजे न्यूट्रॉन तारा. त्याला पृष्ठभाग असतो. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढला जाऊन त्याच्यावर साठत राहतो, दाबला जातो, तापतो आणि मग एकदम भडका उडतो. काही सेकंद ते काही मिनिटं क्ष-किरणांचा लोट येतो. उपग्रहांनी असे हजारो भडके टिपले आहेत. पण जिथे कृष्णविवर आहे असं वजनावरून वाटतं, तिथे असा भडका कधीच दिसलेला नाही. वायू तर तिथेही पडतोच आहे. मग भडका का नाही? कारण साठायला तवाच नाही. पडलं ते गेलं आत. मूळचे भारतातले आणि आता अमेरिकेत असलेले रमेश नारायण यांनी हा युक्तिवाद २००२ च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर नीट मांडला.

२०२० मध्ये मुंबईच्या टी.आय.एफ.आर.मधल्या श्रीमंत बॅनर्जी आणि सुदीप भट्टाचार्य यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक काम केलं. 'नासा'च्या एका निवृत्त झालेल्या उपग्रहाची जुनी नोंदवही त्यांनी पुन्हा उघडली. न्यूट्रॉन ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आणि कृष्णविवरांकडून येणारे क्ष-किरण शेजारी शेजारी मांडले आणि त्यांत फरक दाखवला. पृष्ठभागावर आदळून येणारा जो जास्तीचा उजेड, तो कृष्णविवरांच्या बाजूला नाही. म्हणजे भडक्याची वाट बघायलाच नको, एरवीच्या शांत उजेडातही 'तवा नाही' हे कळतं.

"म्हणजे झालं की सिद्ध!" मी म्हटलं.

"नाही ना. बोसॉन ताऱ्यालाही आपण म्हणतो तसा कठीण पृष्ठभाग नसतो. वायू त्याच्या आरपार जाईल. मग तो या कसोटीत कसा सापडणार? त्याला दुसरी कसोटी लावावी लागते."

भरतीची खूण

दुसरी कसोटी मला कळली ती दिवा-रोहा गाडीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी माहेरी रोह्याला निघाले होते आणि लेकीलाही बळेच नेलं होतं. पेण सोडलं की कितीतरी वेळ शेतं लागतात. आमच्याकडच्या खारेपाटातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भाताची आशा सोडायची. माहेरीही तेच. कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी खाडीनं पार आत चढतं.

"चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती," मी म्हटलं. एवढं मला येत होतं.

"हो, पण चंद्र नुसतं पाणीच नाही ओढत, सगळी पृथ्वी किंचित ताणतो. आणि त्या ओढाताणीत ऊर्जा खर्च होते. त्यामुळेच चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरनं आपल्यापासून लांब जातो. आता असं समज, दोन जड वस्तू एकमेकींभोवती गरगर फिरत जवळ येतायत. दोघी एकमेकींना ताणणार की नाही? न्यूट्रॉन तारा असला तर ताणला जातो, पेढ्यासारखा चेपतो. कृष्णविवराचं मात्र उत्तर शून्य आहे. गणितानं काढलंय ते. अशा ओढीनं त्याला कायमचा फुगवटा येत नाही. आणि तोतया असेल तर थोडा का होईना, ताणला जाईल."

"पण हे बघणार कसं? इतक्या लांब?"

"लहरींवरून."

फिरणाऱ्या या जड वस्तूंमुळे अवकाशातच लाटा उठतात. त्या गुरुत्वीय लहरी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो'च्या दोन यंत्रांनी अशी लहर पहिल्यांदा पकडली. ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाची दोन कृष्णविवरं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती आणि ६२ सूर्यांचं एक झालं होतं. हिशेब केलात तर ३ सूर्य कमी भरतील. तेवढं वजन लहरींच्या रूपानं उधळलं गेलं! त्या यंत्राचे हात ४ किलोमीटर लांब. लहरीनं ते किती हलावेत? अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्याही अगदी लहानशा अंशाएवढे. इतक्या बारीक थरथरीतून खरी लहर निवडायची तर ती कशी असेल हे आधी गणितानं माहीत हवं आणि मग नोंदीत तिचा जुळारा शोधायचा. या पद्धतीवर पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या आसपासपासून काम केलं, तेव्हा लायगोची यंत्रं उभीही नव्हती. त्यांच्याकडेच पीएच.डी. केलेल्या अर्चना पै आज मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये याच विषयाच्या प्राध्यापक आहेत. लेकीनं त्यांचं नाव दोनदा घेतलं, ते मी मनात टिपून ठेवलं.

आता भरतीच्या कसोटीचा दुसरा भाग. दोन वस्तू फिरताना त्यांच्या ओढाताणीतली काही ऊर्जा कृष्णविवराचं घटनाक्षितिज चक्क पिऊन टाकतं. ज्याला क्षितिजच नाही, तो तेवढी पिणार नाही. या पिण्यानं फिरण्याची लय अगदी किंचित बदलते आणि तो बदल लहरीत उतरतो. आयुकात काम केलेले सायक दत्त, खुन सांग फुकन आणि सुकांत बोस यांचा यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच 'तोतये' या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. लेकीनं तो शब्द तिथूनच उचलला होता. आणि त्याच शीर्षकात 'आव्हानं' हाही शब्द आहे. कारण ही खूण फार बारीक. आजची यंत्रं ती स्पष्ट वेगळी काढू शकत नाहीत.

मध्यम वजनाच्या वस्तूंचं तर कोडंच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एक लहर आली. त्यात एक वस्तू २३ सूर्यांची होती, ते कृष्णविवर. दुसरी २.६ सूर्यांची. न्यूट्रॉन तारा म्हणावं तर फार जड, कृष्णविवर म्हणावं तर फार हलकी. ती काय होती, हे अजून कुणीही छातीठोक सांगत नाही.

टिचकी आणि विहीर

हळदीकुंकू झालं. तिळगूळ वाटून झाला. आई, वहिनी, शेजारच्या दोघी-तिघी आणि आम्ही अशा माजघरात बसलो होतो. आईनं विचारलं, "काय गं, एवढं काय बोलत आलात गाडीतून?" लेकीनं सरळ कोपऱ्यातल्या माठाला टिचकी मारली. टण्ण वाजला.

"आजी, माठ घेताना तू हे का करतेस?"

"चिरलेला असला तर भद्द वाजतो. एवढंही माहीत नाही होय?"

तिसरी कसोटी आजीला एका वाक्यात समजली. दोन कृष्णविवरं मिसळली, की तयार झालेलं नवं कृष्णविवर क्षणभर थरथरतं आणि शांत होतं. त्या थरथरीत सूर असतात. ते कसे असतील हे १९७० मध्ये कुणी सांगितलं? बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी. तेव्हा ते अमेरिकेत होते. त्यांनी कागदावरच कृष्णविवरावर लहर आपटली आणि काय परत येतं ते काढलं. परत आला तो झपाट्यानं विरत जाणारा सूर. ४५ वर्षांनी तो खरोखर ऐकू आला आणि तो दिवस बघायला ते हयात होते. २०१७ च्या जानेवारीत ते गेले.

खऱ्या कृष्णविवराची एक खासियत आहे. त्याचे सगळे सूर फक्त दोन गोष्टींवर ठरतात. वजन किती आणि गिरकी किती. म्हणून दोन वेगवेगळे सूर पकडायचे, दोन्हींवरून वेगवेगळं वजन-गिरकी काढायची आणि ताडून बघायची. जुळली तर खरं. तोतयाचं बिंग इथे फुटू शकतं. अडचण एवढीच, की दुसरा सूर फार क्षीण असतो.

१४ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे संक्रांतीलाच, आजवरची सगळ्यात खणखणीत लहर आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिचा निकाल जाहीर झाला. दोन सूर वेगळे ऐकू आले आणि दोन्ही एकाच कृष्णविवराशी जुळले. शिवाय स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितलेला नियमही पडताळला गेला, की कृष्णविवरं मिसळली तर क्षितिजाचं एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही. आधी दोघांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं, नंतर सुमारे ४ लाख झालं. आपला महाराष्ट्र साधारण ३ लाख ८ हजारांचा. म्हणजे आधी महाराष्ट्राहून लहान, नंतर मोठं!

"आणि विहिरीत कू केलं तर?" वहिनीनं सहज विचारलं.

लेक उडालीच. "मामी, तेही करतात!" क्षितिजाऐवजी आत काही भिंतीसारखं असेल, तर थरथर संपल्यावर थोड्या थोड्या वेळानं प्रतिध्वनी यायला हवेत. २०१६ च्या अखेरीला काही शास्त्रज्ञांनी 'आम्हाला प्रतिध्वनीची चाहूल लागली' असं सांगितलं होतं. मग इतरांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांना खात्रीनं काही मिळालं नाही. त्यानंतरच्या लहरींतही नाही.

"म्हणजे शेवटी आहे ना ते खरं?" आईचा सरळ प्रश्न.

"आजी, आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या कसोट्यांना उतरलंय. एकाही तोतयाचा पुरावा सापडलेला नाही. पण ज्या कसोट्या अजून लावताच आलेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल मी कशी बोलू?"

मग माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली. १४ जानेवारी म्हटलं की मला दुसरं वर्ष आठवतं, १७६१, पानिपतचं. सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत. पार्वतीबाईंनी ते गेल्याचं मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही. आणि पुढे एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. लोकांना ते खरं वाटायला हवंच होतं! तो पकडला गेला, रत्नागिरीला कैदेत पडला. पुढे १७७६ मध्ये तिथून सुटला आणि त्यानं कोकणातले किल्ले घेतले. शेवटी आमच्याच कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या हवाली केलं आणि त्याला देहदंड झाला. यावर न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटकही आहे. मी म्हटलं, "इतकी माणसं फसली, कारण त्यांनी पाहिलं ते रूप. आणि मनात आधीच ठरलेलं होतं."

तोतयाची एक गोड गोष्टही तिथेच निघाली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली पहिली विज्ञानकथा पाठवली. कथेचं नाव 'कृष्णविवर'. आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतलं, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा लिहून काढली ती त्यांच्या पत्नीनं, मंगलाताईंनी. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. कथेला पहिलं बक्षीस मिळालं! आज दोघंही नाहीत. २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या आणि २०२५ मध्ये नारळीकर सर. पण नाव झाकून कसोटीला उतरायचं धैर्य किती जणांत असतं?

मग उपयोग काय?

एवढ्यात दादा आला. माझा मोठा भाऊ, मनानं सोन्यासारखा. तो दारातच म्हणाला, "सगळं ठीक आहे गं, पण या कृष्णविवराचा उपयोग काय? मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, घर आहे. फोटो पाहिलास, पत्रिका जुळली. आणखी काय बघायचं?"

लेक गप्प बसली. माझ्याकडे बघायला लागली.

मला आमच्या समुपदेशनाच्या कामातल्या त्या मुली आठवल्या. फोटो, पत्रिका आणि पगार, या तीन कसोट्यांवर तीन आठवड्यांत लग्न ठरलेल्या. त्यातली एक वर्षाच्या आत परत आली, तेव्हा तिची आई मला म्हणाली होती, "ताई, बाहेरून सगळं चांगलंच दिसत होतं हो." त्या माउलीचा काय दोष? पुढचं बघायला वेळ दिला तर स्थळ हातचं जाईल, असं सगळ्यांनीच तिला सांगितलं होतं. मुलीला काय वाटतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

मी दादाला म्हटलं, "दादा, मुलगा चांगला असेलही. मी नाही म्हणत नाही. पण आपल्याला अजून माहीत नाही, एवढंच मी म्हणते. तो कसा आहे हे आपल्याला माहीत नाही आणि आपली मुलगी काय होऊ शकते, हेही माहीत नाही. ते कळायला दोन वर्षं द्यायला काय हरकत आहे?"

"आणि उपयोगाचं काय?"

याचं उत्तर मला पूर्ण येत नाही. मला एवढंच कळलं, की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचं भारतातलं यंत्र उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. ते सुरू झालं की लहर आकाशात नेमकी कुठून आली, ते जास्त नीट कळेल. युरोपची तीन याने २०३५ च्या सुमारास अवकाशात जायची आहेत. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर राहून ती याहून मंद लहरी ऐकतील. प्रचंड कृष्णविवराभोवती हजारो-लाखो फेऱ्या मारत शेवटी त्यात पडणारी छोटी वस्तू त्यांना ऐकू येईल आणि ती भरतीची बारीक खूण तेव्हा कदाचित हाती लागेल. या कामाला माणसं लागतील, मुली लागतील. त्यातली एक आमच्या पेणची का नसावी?

आईनं मात्र दादाला वेगळंच उत्तर दिलं. म्हणाली, "अरे, पन्नास रुपयांचा माठ आम्ही टिचकी मारून घेतो. पोरीचं आयुष्य तसंच द्यायचं होय?"

दादा हसला. त्यानं तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि विषय बदलला. त्याला पटलं का? नक्की नाही सांगता येत. पण परत निघताना स्टेशनवर सोडायला आला, तेव्हा भाचीच्या हातात पाकीट ठेवून म्हणाला, "फॉर्मचे पैसे."

मैत्रिणींनो, पुणे विद्यापीठाच्या आवारातच ते आयुका आहे. लेकीनं तिथल्या विद्यापीठाचा प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय. प्रवेश मिळेल की नाही, माहीत नाही. पुढे तिला संशोधन जमेल की नाही, तेही माहीत नाही. पण 'माहीत नाही' म्हणायची मला आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही. फ्रिजवरचा फोटो मी काढून पाकिटात घातला आणि दादाच्या पत्त्यावर परत पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली, 'मुलगा चांगला असेल, पण आत्ता नको.'

परवा कारखान्यात गेले तेव्हा मावशींनी विचारलं, "ताई, त्या काळ्या भोकाचं काय झालं? खरं निघालं का?"

म्हटलं, "अजून वाजवून बघतायत, मावशी."

"बघू देत," त्या म्हणाल्या आणि हातातल्या मूर्तीला पाठीमागून टिचकी मारून त्यांनी ती शाडूच्या रांगेत ठेवली.